दर वर्षी वादळ येत नाही

टिटवी धावत सलूनमध्ये शिरली तेव्हा आत्याच्या हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली पोस्टमनची मान होती.

"आत्या, मिळाली! दोन्हीकडे मिळाली!"

"अगं हळू, हळू! मान माझी आहे," पोस्टमन साबणाच्या फेसातून ओरडला.

आत्याने वस्तरा बाजूला ठेवला, हात पुसले आणि भाचीला अशी मिठी मारली की भिंतीवरचा आरसा हलला. टिटवी हे काही मुलीचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा तिने जे काही भोकाड पसरलं होतं, त्यावर आजोबांनी हे नाव ठेवलं आणि ते अठरा वर्षं तिला चिकटून राहिलं. दोन कॉलेजांत तिने अर्ज केला होता. एक घराजवळचं, सायकलवरून जाता येईल असं. दुसरं तीन तासांवरचं, समुद्राकाठचं. त्या दुसऱ्या कॉलेजचं स्वतःचं जहाज होतं. शाळेत भूगोलाच्या बाईंनी एकदा नकाशा दाखवून सांगितलं होतं, की जमिनीचा कोपरान् कोपरा माणसाने रेखून काढलाय, पण समुद्राचा तळ अजून बराचसा नुसता निळा रंग फासून सोडलेला आहे. त्या दिवसापासून पोरीच्या डोक्यात एकच खूळ. समुद्राच्या तळाचा नकाशा करायचा.

"आता बाबाला सांगितलंस का?" आत्याने विचारलं.

टिटवीचा चेहरा जरा उतरला. "सांगितलं. त्याने जहाजवाल्या कॉलेजचं पत्र वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं."

आत्याने पोस्टमनची उरलेली दाढी दोन मिनिटांत उरकली, दाराला 'आलेच' अशी पाटी अडकवली आणि दोन गल्ल्या ओलांडून भावाच्या घरी पोचली.

भाऊ खिडक्यांच्या काचा बसवायचं काम करायचा. काचेशी ज्याचा आयुष्यभर संबंध येतो तो माणूस हळूच चालतो, हळूच ठेवतो आणि हळूच बोलतो. हा तर बोलायचाच नाही. आत्याने घरात पाऊल टाकलं तेव्हा तो त्या पालथ्या पत्राकडे बघत बसला होता. भावजय हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून नुकतीच आली होती.

"ताई, वर्षाची फी बघ," भाऊ म्हणाला. "माझी दीड वर्षाची कमाई होते. चार वर्षं म्हटलं की सहा वर्षांची. त्या सहा वर्षांत जेवायचं कुणी?"

"त्यांनी सांगितली आणि तू ऐकलीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे मागून बघितलंस का? थोडी कमी करा म्हणालास का?"

भावाने कपाळाला हात लावला. "ताई, हे कॉलेज आहे. भाजीबाजार नाही."

आत्याला राग आला खरा, पण त्याच वेळी तिला आपलं एक गिऱ्हाईक आठवलं. दर महिन्याला एक गृहस्थ तिच्याकडे यायचे. डोक्यावर केस मोजून चार, पण ते चार व्यवस्थित कापून हवे असायचे. कुठल्याशा कॉलेजात फी घ्यायच्या खिडकीमागे त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, म्हणून सगळे त्यांना खिडकीकाका म्हणत. निवृत्त झाल्यावर ते दर शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसायचे आणि ज्यांची मुलं कॉलेजात जाणार आहेत अशा घरांना कागद समजावून द्यायचे. फुकट.

"उद्या शनिवार आहे," आत्या म्हणाली. "सगळे कागद घे. आणि ते पत्र आधी सुलटं कर. पालथं ठेवलं म्हणून आतला आकडा बदलत नाही."

शनिवारी भाऊ, भावजय, आत्या आणि टिटवी वाचनालयात पोचली. वरच्या खोलीत एक लांब टेबल होतं आणि बाहेर बाकावर माणसंच माणसं. एक बाप फाईल छातीशी धरून बसला होता, जणू आत कुणाच्या तरी फुप्फुसाचा फोटो आहे. सगळ्यांचे चेहरे दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखे. पण आतून बाहेर पडणारी माणसं मात्र भराभर बोलत, हातवारे करत जिना उतरत होती. ते बघून आत्याला धीर आला.

खिडकीकाकांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि चष्मा वर केला. "स्वस्त कुठलं म्हणालात?"

"हे, जवळचं," भाऊ म्हणाला.

"कसं काय?"

"फी कमी आहे. शिवाय त्यांनी मदतही देऊ केलीय. हा बघा आकडा. केवढा मोठा!"

काकांनी पेन्सिलीने त्या आकड्याखालची बारीक ओळ दाखवली. "मोठ्याने वाच गं मुली."

टिटवीने वाचलं. त्यात तीन शब्दांनंतर 'परतफेड' असा शब्द आला आणि ती थांबली.

"ही मदत नाही," काका म्हणाले. "हे कर्ज आहे, मदतीचे कपडे घालून आलेलं. आता दुसरं पत्र. फी बघून घाबरू नका, तो छापील भाव आहे. त्यातून हे वजा करा. ही देणगी. परत करायची नाही. ही निम्म्याहून जास्त आहे. आता बोला, तुमच्या खिशातून आणि डोक्यावर मिळून जास्त कुठे पडतात?"

भावाने मनात वजाबाकी केली. मग पेन्सिल घेऊन कागदावर केली. मग पुन्हा केली. "म्हणजे... महाग ते स्वस्त आहे?"

"दोन्ही जवळजवळ सारखीच. जहाजवालं जरा वर, इतकंच."

आत्या खुर्चीतून उठलीच. "बघ! मी म्हणत नव्हते, भाव पक्का नसतो!"

"बसा बाई, अजून झालेलं नाही," काका म्हणाले, पण त्यांच्याही डोळ्यांत आता चमक आली होती. "तरीही वर्षाला तुमची आठ महिन्यांची कमाई लागतेच आहे. ती कुठून आणणार? मला एक कळत नाही. काचा बसवणाऱ्या माणसाच्या घरी इतकी थोडी देणगी का दिली त्यांनी? मी त्या खिडकीमागे असतो तर जास्त दिली असती. तुमचा फॉर्म दाखवा."

त्यांनी फॉर्मवर बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "गेल्या वर्षी तुम्ही एवढं कमावलंत?"

"गेल्या वर्षी वादळ झालं ना," भाऊ म्हणाला. "निम्म्या गावाच्या काचा फुटल्या. चाळीस दिवस मी घरी फक्त जेवायला येत होतो."

"त्याच्या आधीच्या वर्षी?"

"नेहमीचं."

"आणि यंदा?"

"यंदा त्याहून कमी. सगळ्यांच्या काचा नव्या आहेत. कोण बोलावतंय?"

काकांनी टेबलावर अशी थाप मारली की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. "अहो, त्यांनी धरलंय की तुमच्याकडे दर वर्षी वादळ येतं! कागदावर तुम्ही श्रीमंत आहात! मागच्या वर्षांचा पुरावा आहे काही?"

भावजयीने पिशवीतून चार वह्या काढल्या. कुठल्या घरी कुठल्या मापाची काच बसवली आणि तिचे किती मिळाले ते नवरा रोज लिहायचा, आणि ती वर्ष संपलं की वही बांधून ठेवायची. काकांनी पहिली वही उघडली आणि त्यांचा चेहरा असा फुलला, जणू कुणी त्यांच्यापुढे पक्वान्नांचं ताट ठेवलंय.

"आणखी एक," ते म्हणाले. "घरातली माणसं तीन लिहिलीत. घरी कोण कोण असतं?"

"आम्ही तिघं. आणि वडील, ते खाटेवरच असतात. दिवसा एक बाई येते त्यांना बघायला," भाऊ म्हणाला.

"ते कुठे आहेत इथे? त्यांचा औषधपाण्याचा खर्च, काळजी घ्यायला येणारी बाई, काहीच नाही."

भावाने मान खाली घातली. रकाना तर समोर होता. 'अवलंबून असलेल्या व्यक्ती व त्यांचा खर्च.' तो हळूच म्हणाला, "बापाला खर्चात लिहायला हात धजला नाही साहेब. ते काय ओझं आहेत?"

"ओझं नाहीत, पण माणूस आहेत ना?" काकांचा आवाज मऊ झाला. "मग मोजायला नकोत? तुम्ही त्यांना कागदावरून पुसून टाकलंत, आणि ते मात्र घरी बसून नात जहाजावर कधी जाणार म्हणून विचारत असतील."

"रोज विचारतात," टिटवी म्हणाली.

त्या दुपारी सगळ्यांनी मिळून पत्र लिहिलं. टिटवी लिहीत होती, काका शब्द गाळत होते. 'कृपा करून' गाळलं, 'गरीब' गाळलं. "भीक मागायची नाही आणि खोटं एक अक्षर नाही," ते म्हणाले. "आमची परिस्थिती तुमच्यापुढे पूर्ण आलेली नव्हती, ती आता येत आहे. एवढंच." जागा पक्की करायची मुदत अकरा दिवसांवर होती, म्हणून पत्राखाली त्यांनी प्रत्यक्ष भेटीची वेळ मागितली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. गुरुवारी साडेअकराला या.

"मीही जाणार," आत्या म्हणाली.

"जा," खिडकीकाका म्हणाले, "पण एका अटीवर. तुम्ही बोलायचं नाही. तिथे 'थोडी कमी करा' हे शब्द उच्चारलेत तर सगळं मुसळ केरात."

"एक शब्दही नाही?"

"एकही नाही."

आत्याने आयुष्यात कधी दिलं नव्हतं असं वचन दिलं.

गुरुवारी तिघं पहिल्या गाडीने निघाली. खिडकीतून समुद्र दिसला तेव्हा टिटवी जागेवर उभीच राहिली, आणि धक्क्याला लागलेलं ते पांढरं जहाज दिसल्यावर तर तिने खरंच टिटवीसारखा आवाज काढला. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, काय झालं? भावाने सांगितलं, मुलीला समुद्र मोजायचाय. म्हातारा म्हणाला, "मोजू द्या की. टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात." त्या बिचाऱ्याला काय माहीत, तिचं नाव काय ते! तिघं इतकी हसली की त्याला वाटलं आपलं काही चुकलं.

कॉलेजच्या मदत विभागात एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी केसांत पेन्सिल खोचून ठेवली होती. आत्याने सवयीने पाहिलं. पुढचे केस त्यांनी घरीच, घाईत, बहुधा कागदाच्या कात्रीने कापले होते. बोलायची इतकी इच्छा झाली की आत्याने पर्सची कडी मुठीत घट्ट दाबून धरली.

बाईंनी पत्र वाचलेलं होतं. वह्याही चाळल्या. मग त्या सरळच म्हणाल्या, "कागद स्पष्ट आहेत. पण कमिटी मला एकच प्रश्न विचारेल. गेल्या वर्षी तुम्हाला इतकं काम मिळालं, नाव झालं असेल, गिऱ्हाइकं वाढली असतील. मग यंदा कमाई पुन्हा खाली येईल हे कशावरून?"

भावाने तोंड उघडलं. गाडीत तीन तास पाठ केलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. टिटवी बापाकडे बघत होती. आत्याच्या जिभेवर तर अख्खं भाषण तयार होतं, तिने ते ओठांच्या आत दातांनी धरून ठेवलं. पर्सची कडी तुटायची वेळ आली.

आणि भाऊ उठला. आत्याला वाटलं, संपलं, हा निघाला. पण तो दाराकडे नाही, खिडकीकडे गेला. काचेच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला, चौकटीतली पुट्टी नखाने दाबून पाहिली.

"ही गेल्याच वर्षी बसवलेली दिसते," तो म्हणाला.

"हो," बाई जरा चकित झाल्या. "त्याच वादळात गेली. आमच्या इमारतीच्या एकशे चाळीस काचा फुटल्या होत्या."

"कुणी बसवल्या?"

"इथलाच एक कारागीर होता. दोन महिने रोज यायचा."

"चांगलं काम केलंय. आणि यंदा त्याला किती वेळा बोलावलंत?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग समोरच्या वह्यांकडे, मग भावाकडे.

"एकदाही नाही," त्या म्हणाल्या.

"माझंही तसंच आहे, बाईसाहेब," भाऊ म्हणाला. "काच नीट बसवली की वीस वर्षं कुणी बोलवत नाही. मी नीट बसवतो."

बाईंनी केसांतली पेन्सिल काढली आणि काहीतरी लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी वडिलांबद्दल विचारलं, आधीच्या फॉर्ममध्ये ते का नव्हते म्हणून. आता भावाची जीभ सुटली होती. त्याने जे काकांना सांगितलं होतं तेच सांगितलं, न लाजता. बाईंनी मान हलवली आणि तेही लिहून घेतलं. शेवटी त्या आत्याकडे वळल्या. "आणि आपण? आपल्याला काही सांगायचंय?"

आत्याने भावाकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं. "मी आत्या," ती म्हणाली. "मला बोलायला बंदी आहे."

बाई खळखळून हसल्या. तरी निरोप देताना त्यांनी वचन काही दिलं नाही. कमिटी सोमवारी बसेल, मंगळवारी कळवू, इतकंच म्हणाल्या. बाहेर पडल्यावर आत्याने भावाच्या पाठीत धपाटा घातला. "अरे मुखदुर्बळा! हे सगळं चाळीस वर्षं कुठे दडवून ठेवलं होतंस?" आणि मग जे बोलायला सुरुवात केली ती घर येईपर्यंत थांबली नाही. अख्ख्या भेटीचं साठलेलं होतं.

मंगळवारी सकाळपासून सलूनमध्ये गर्दी होती, पण केस कापून घ्यायला कुणीच आलं नव्हतं. खिडकीकाका आले, कारण त्यांना घरी बसवेना. पोस्टमन आला, आज तुमचं पत्र नाही हे सांगायला, आणि तिथेच थांबला. भाऊ कामाची पेटी घेऊन कामाला निघाला होता, तो वाटेत इथे आला आणि उभाच राहिला. टिटवी हातात फोन घेऊन दुसऱ्या खुर्चीवर गोल गोल फिरत होती.

"बस कर, मला गरगरायला लागलं," आत्या म्हणाली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. टिटवीने पाहिलं आणि फोन गरम तव्यासारखा काकांच्या हातात टाकला. "तुम्ही वाचा!"

खिडकीकाकांनी चष्मा शोधला. तो त्यांच्या डोक्यावर होता. मग त्यांनी पत्र खालून वर वाचायला सुरुवात केली, कारण चौतीस वर्षांत ते एक शिकले होते, की कामाचं सगळं खाली असतं. सगळे त्यांच्या ओठांकडे बघत होते. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"काका, जीव जाईल आमचा!" आत्या ओरडली.

"देणगी वाढवलीय," काका म्हणाले. "बरीच वाढवलीय! शिवाय मुलीला नकाशांच्या खोलीत काम, आठवड्याला दहा तास, पगारी. आता घरातून द्यायचं राहतं ते वर्षाला तुमच्या दीड महिन्याच्या कमाईएवढं. तेही एकदम नाही, दहा हप्त्यांत!"

टिटवी अशी काही किंचाळली की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. पोस्टमन काकांना मिठी मारून नाचायला लागला. भाऊ पेटीवर मटकन बसला, मग दचकून उठला, कारण पेटीत काच होती. फुटली नव्हती. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि आत्याने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून, लहानपणी करायची तसं, कपाळाला कपाळ लावलं.

"दीड महिन्याची कमाई," तो म्हणत होता. "ताई, हे जमेल. हे जमतंय आपल्याला!"

"जमणारच. हप्ते माझ्याकडे," आत्या म्हणाली. "दुसऱ्या खुर्चीची कमाई आजपासून टिटवीची."

"अर्धी," भाऊ म्हणाला. "अर्धे मी देणार."

"बरं, अर्धी. पण काका..." आत्याने घसा साफ केला. "ते दहा हप्ते म्हणतात ना, त्यांचे बारा होतील का? आता बंदी उठली ना माझ्यावरची?"

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी फोन तिच्या हातात दिला. "विचारा बाई. हे मात्र विचारण्यासारखं आहे."

आत्याने कॉलेजच्या त्या बाईंना फोन लावून विचारलं. चार मिनिटं बोलली, त्यातली दोन पुढच्या केसांबद्दल होती. हप्ते बारा झाले.

"एक ध्यानात ठेवा," निघताना काकांनी बजावलं. "हे फक्त पहिल्या वर्षाचं आहे. दर वर्षी फॉर्म नव्याने भरायचा, वेळेवर, आणि घरातली सगळी माणसं मोजायची." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. वाचनालयात आज कुणी यायचं नव्हतं, शनिवार तर दूर होता, पण त्या छातीशी फाईल धरणाऱ्या बापाच्या फॉर्मातही कुणी मोजायचं राहिलं नाही ना, हे आजच बघून यावं असं त्यांच्या मनात आलं, आणि ते जवळजवळ पळतच गेले.

जागा पक्की करायचं बटण टिटवीने घरी जाऊन, आजोबांच्या खाटेवर बसून दाबलं. आजोबांना हल्ली कमी ऐकू यायचं, म्हणून तिने सगळी हकीकत त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितली. जहाज, नकाशांची खोली, बारा हप्ते, सगळं. भावजय धुलाईखान्यातून धापा टाकत आली, चपला एक इकडे एक तिकडे टाकून खाटेशी उभी राहिली. "पुन्हा पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. टिटवीने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

आजोबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पण समुद्र खोल किती असतो?"

"ते अजून सगळीकडे कुणी नीट मोजलेलंच नाही, आजोबा."

"असं?" आजोबा उशीला रेलून उठून बसले. "मग कधी निघायचं म्हणालीस?"